स्केलवर ९ गुण, आईच्या हिशेबाने ३ तास: मुलांमधला ओसीडी (मंत्रचळ) तपासताना कोणाचं धरायचं?

प्रश्न: "क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण संपवून मी नुकतंच काम सुरू केलं आहे. ११ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई 'सारखे हात धुतो' म्हणून घेऊन आली. दोघांना समोर बसवून मी सी-वाय-बॉक्स (मुलांमधल्या ओसीडीची तीव्रता मोजणारं स्केल) भरलं. मुलगा म्हणाला, डोक्यात विचार वगैरे येत नाहीत, फक्त हात खराब वाटतात. एकूण ९ गुण आले, म्हणजे सौम्य. निघताना दारात आई म्हणाली, रोजचे तीन तास यातच जातात. आता मी काय समजू? हा ओसीडी आहे का? पुन्हा तपासायचं तर कसं?"

उत्तर:

दारात उभं राहून सांगितलेलं वाक्य आधी लिहून ठेवत जा. तासभर खुर्चीत बसून जे बोलता आलं नाही, ते माणूस चप्पल घालताना बोलून जातो.

आई खोटं बोलत नाही आणि मुलगाही नाही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत, एवढंच. मुलगा मोजतो तो नळ चालू असतो तेवढा वेळ. आईच्या हिशेबात बाथरूमच्या दाराशी ताटकळणं आहे, 'झाले ना गं स्वच्छ?' याला वीसदा दिलेलं उत्तर आहे, दप्तर लागलं म्हणून पुन्हा बदललेले कपडे आहेत आणि त्यापायी झालेला उशीरही आहे. हे सगळं आजारातच जमा होतं. तेव्हा वेळेपुरतं मी आईचं धरेन. मात्र डोक्यात काय चाललंय, हे आईला माहीत नसतं. ते मुलाकडूनच यायला हवं, आणि ते तिच्यासमोर येणार नाही.

आता तो ९ चा आकडा फोडून बघा. सी-वाय-बॉक्सच्या, म्हणजे चिल्ड्रन्स येल-ब्राउन स्केलच्या, मूळ आवृत्तीत तीव्रतेचे १० प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. पहिले ५ प्रश्न विचारांचे, पुढचे ५ कृतींचे. दोन्हीकडे वेळ, कामात येणारा अडथळा, त्रास, प्रतिकार आणि ताबा अशाच पाच गोष्टी विचारतात. ८ ते १५ सौम्य, १६ पासून मध्यम, २४ पासून तीव्र असे ढोबळ टप्पे आपण वापरतो. मुलाने 'विचार येत नाहीत' म्हटल्यावर तुम्ही पहिल्या पाचही रकान्यांत शून्य भरलं असणार. मग हे ४० पैकी ९ कुठे राहिले? २० पैकी ९ आहेत, आणि उरलेलं अर्धं स्केल कोरंच आहे. एकूण बेरजेकडे बघून 'सौम्य' लिहिताना हे सुटतं.

प्रतिकाराचा प्रश्न तर हमखास चुकतो. जे मूल प्रत्येक वेळी जोर लावून विरोध करतं त्याला ०, आणि जे निमूट शरण जातं त्याला ४. "तू थांबवायचा प्रयत्न करतोस का?" "नाही." आणि आपला हात शून्याकडे जातो. सुरुवातीच्या काळात मीही हे केलेलं आहे, आणि माझ्या वरिष्ठांनी सगळ्या फायली पुन्हा तपासायला लावल्या होत्या.

टाळाटाळीचाही घोळ आहे. मूळ स्केलमध्ये ती विचारतात, पण १० प्रश्नांच्या बेरजेत धरत नाहीत. जो मुलगा शाळेत दिवसभर स्वच्छतागृहात जातच नाही, दाराच्या कडीला हात लावत नाही, मित्रांपासून दोन हात लांब बसतो, त्याला धुण्याची वेळच कमी येते. त्याचा आजार जितका पसरतो तितका कृतींचा वेळ घटल्यासारखा दिसू शकतो. म्हणून मी नेहमी एक वेगळी यादी करतो: हा आजार नसता तर तू काय काय केलं असतंस? ती यादी तीव्रतेबद्दल पुष्कळदा आकड्यापेक्षा जास्त सांगते.

'विचार येत नाहीत' या वाक्यावर थोडं थांबू या. मराठीत आपण या आजाराला 'मंत्रचळ' म्हणत आलो. तो शब्द ऐकला की धुणं, पुसणं, शिवाशिव एवढंच डोळ्यांसमोर येतं. आजाराचा गाभा मात्र आतमध्ये असतो. नको असताना घुसणारा विचार, चित्र, ऊर्मी किंवा नुसतीच एक भावना, आणि ती शमवण्यासाठी केलेली कृती. ती कृतीही बाहेर दिसेलच असं नाही. मनातल्या मनात आकडे मोजणं, वाईट शब्दावर चांगला शब्द 'ठेवणं', घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा तपासून पाहणं, हेही कंपल्शनच, म्हणजे केल्यावाचून राहवत नाही अशी कृती. १० वर्षांच्या मुलाला 'विचार' म्हणजे गणिताचा विचार वाटतो. तुमचा मुलगा 'खराब वाटतात' म्हणाला, त्यातच त्याने उत्तर दिलेलं आहे, फक्त आपण ते विचारांच्या रकान्यात धरलं नाही. खराब म्हणजे काय? चिकट? जंतू? कुणाचं तरी काहीतरी लागलंय? की नुसतंच 'बरोबर नाही' असं? लहान मुलांना आपण हे कशासाठी करतो ते सांगता येईलच असं नाही, हे डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांतही नमूद आहे. विचार सांगता आला नाही म्हणून निदान टळत नाही.

काही मुलांच्या मागे भीती नसतेच. त्यांना किळस वाटते, किंवा अपुरं राहिल्यासारखं वाटतं. दार लावलं, पण 'नीट' लागलं नाही. अक्षर काढलं, पण 'बसलं' नाही. "नाही केलंस तर काय होईल?" याला ती मुलं प्रामाणिकपणे "काही नाही" म्हणतात, आणि आपण ओसीडी नाही म्हणून मोकळे होतो. २०१३ साली डीएसएम-५ ने ओसीडीला चिंताविकारांच्या प्रकरणातून काढून स्वतंत्र प्रकरण दिलं. ते मला पटलं ते याच मुलांमुळे. त्यांच्यासाठी माझा दुसरा प्रश्न असतो: "मग थांबायचं कधी, हे तुला कसं कळतं?" हात मळले म्हणून धुणारा मळ गेला की थांबतो. ओसीडीवालं मूल सांगतं, "सात वेळा झालं की," "मध्ये कुणी बोललं नाही तर," "बरं वाटलं की." हे उत्तर मिळालं की अर्धं निदान झालं असं समजायला हरकत नाही.

आता मुलं लपवतात का, ते बघू. लाज तर असतेच. आपण वेडे ठरू अशी भीती असते. पण दोन कारणं नवख्यांच्या लक्षात येत नाहीत. पहिलं, काही मुलांना वाटतं की विचार तोंडाने उच्चारला तर तो खरा होईल. आई मरेल असा विचार छळतोय आणि आई शेजारीच बसली आहे, तर ते मूल 'काही नाही' असंच म्हणणार. दुसरं, मुलाला कळलेलं असतं की सांगितलं तर ही माणसं मला थांबवतील. धुण्याने निदान दोन मिनिटं तरी सुटका मिळते. ती काढून घेणाऱ्याला कोण माहिती देईल?

म्हणून माझी बसवण्याची पद्धत अशी आहे. मूल लहान असेल तर आधी आईवडील एकटे, मग मूल एकटं, शेवटी सगळे मिळून. किशोरवयीन असेल तर आधी तो किंवा ती. आपण आत जायच्या आधी आईवडिलांनी सगळं सांगितलंय हे कळलं, की पंधरा वर्षांचं मूल दार लावून घेतं, मग तोंड उघडायला महिना जातो. काय गुप्त राहील आणि जिवाला धोका असेल तर काय सांगावं लागेल, हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट बोलून टाका.

मग मी उदाहरणं मोठ्याने सांगतो. "माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला वाटायचं की जिन्याच्या पायऱ्या मोजल्या नाहीत तर घरी कुणाला तरी काहीतरी होईल. एका मुलीला देवाबद्दल घाणेरडे शब्द आठवायचे. एकीला कुणाच्याही शरीराकडे नजर जाईल अशी भीती वाटायची. असं काही तुझ्याकडे डोकावतं का?" स्केलच्या सुरुवातीला लक्षणांची जी लांबलचक यादी असते, ती अशीच बोलत बोलत घ्यायची असते. वाचून दाखवत टिकमार्क करायला ती दिलेली नाही. अशी उदाहरणं दिल्याने मुलाच्या डोक्यात नवं काही पेरलं जाईल, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. माझा अनुभव उलटा आहे. मूल डोळे मोठे करून विचारतं, "हे दुसऱ्यांनाही होतं?" त्या क्षणानंतर जे बाहेर येतं, ते खरं मूल्यमापन.

बोलता येत नसेल तर कागद द्या. ७ ते १७ वयासाठी ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह इन्व्हेंटरीची मुलांची आवृत्ती आहे, २१ वाक्यांची, मुलाने स्वतः भरायची. तिच्या गुणांवर मी निदान करत नाही. पण जे तोंडाने निघत नाही त्यावर कागदावर खूण केलेली सापडते, आणि पुढचं बोलणं तिथून सुरू करता येतं.

लैंगिक आणि हिंसक विचारांबद्दल वेगळं सांगतो, कारण इथे आपल्या चुकीने मुलाचं खरोखर नुकसान होतं. एक १५ वर्षांची मुलगी आली होती. धाकट्या भावाला आपण सुरी मारू असं चित्र तिला दिसायचं. ती स्वयंपाकघरात जायची बंद झाली होती, भावासोबत एका खोलीत थांबत नव्हती, रात्री स्वतःच्या खोलीला आतून कडी घालायची. आधी ज्यांना तिने हे सांगितलं, त्यांनी घाबरून आईवडिलांना 'मुलीपासून मुलाला जपा' असा सल्ला दिला. त्या दिवसानंतर ती आठ महिने कुणाशी बोलली नाही. हे विचार तिला हवेसे नव्हते, तिच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध होते. त्यांनी ती हादरली होती, आणि भावाला वाचवण्यासाठीच स्वतःला कोंडून घेत होती. रागातून आलेली धमकी, आखलेली योजना, पूर्वी केलेली मारहाण, त्या कल्पनेत वाटणारं सुख, यांतलं काही आहे का ते शांतपणे विचारा, जरूर विचारा. हे काही नसेल आणि समोर फक्त भीती, किळस आणि टाळाटाळ असेल, तर तो ओसीडी आहे. त्याला धोका म्हणून नोंदवू नका.

आत्महत्येबाबत मी इतका निश्चिंत नसतो. 'मी उडी मारीन की काय' अशी भीती वाटणं हे ऑब्सेशन, म्हणजे नको असताना घुसणारा विचार, असू शकतं. पण ओसीडी असलेल्या किशोरांत नैराश्यही भरपूर असतं आणि मरण्याची खरी इच्छाही असू शकते. दोन्ही एकाच मुलात असू शकतात. दोन्ही सरळ शब्दांत, वेगवेगळं विचारा.

दुसरं काय असू शकतं, याची पाठ्यपुस्तकातली यादी तुम्हाला पाठ असेलच, म्हणून जिथे मी स्वतः चुकलोय तेवढंच सांगतो.

एक म्हणजे लक्ष न लागणं. अभ्यासात मंद, पेपर अर्धा कोरा, 'एडीएचडी असेल' अशी चिठ्ठी घेऊन आलेली मुलगी. ती प्रत्येक ओळ परत वाचायची, कारण वाचताना वाईट विचार आला तर ती ओळ 'खराब' व्हायची. तिचं लक्ष भरकटत नव्हतं, ते एका जागी अडकून पडलं होतं. वहीत खोडून खोडून पडलेली भोकं दिसली तेव्हा मला सुचलं. तेव्हापासून मी वह्या मागवतो.

दुसरं, टिक, म्हणजे अचानक, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणं किंवा घसा खाकरणं हे सहसा ओळखता येतं, पण खांद्याला दोनदा हात लावणं टिक आहे की कंपल्शन? टिकच्या आधी शरीरात एक खाज किंवा ताण जाणवतो, कंपल्शनच्या आधी बहुधा विचार किंवा भीती असते. मात्र 'नीट वाटेपर्यंत' करणाऱ्या मुलांत ही रेघ पुसट होते आणि दोन्ही एकत्र असणंही नेहमीचं आहे. टिक आता किंवा पूर्वी होत्या का, हे प्रत्येक मुलाबद्दल विचारून लिहा. निदानात त्याची वेगळी नोंद करायची सोय आहे आणि पुढे औषध निवडताना डॉक्टरांना ती लागते.

तिसरं, स्वमग्नता. वस्तू रांगेत लावणारं, तोच रस्ता धरणारं मूल ते करताना खुशीत असेल आणि अडवल्यावरच चिडत असेल, तर ते बहुधा त्याचं सुख आहे. करतानाही चेहरा पिळवटलेला असेल तर ओसीडी शोधा. स्वमग्न मुलाला ओसीडी होत नाही असं मात्र नाही.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे झोपतानाचे ठरलेले सोपस्कार, पायरी न चुकवणं वगैरे वाढीचाच भाग आहे, ते आपोआप ओसरतं. खाण्याचे विकार, स्वतःच्या दिसण्याबद्दलचा ध्यास आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांसाठी दोन-दोन प्रश्न पुरेत. उत्तर होकारार्थी आलं तरच खोलात जा. ओसीडीतही काही मुलांना आपला विचार शंभर टक्के खरा वाटतो, त्यामुळे तेवढ्यावरून सायकोसिस म्हणू नका.

सुरुवात कधी झाली, हे नुसतं 'वर्षभर' असं लिहून सोडू नका. बहुतेकांत आजार हळूहळू चढतो आणि घरच्यांना तारीख सांगता येत नाही. पण एखादं घर म्हणतं, "त्या मंगळवारी रात्री झोपला तेव्हा ठीक होता, गुरुवारपर्यंत वेगळंच मूल झालं." त्याबरोबर खाणं एकदम आवळलेलं, अक्षर बिघडलेलं, अंथरूण ओलं होऊ लागलेलं, आईला सोडवत नाही, असं असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर येणाऱ्या या चित्राचं वर्णन १९९८ मध्ये सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पँडास या नावाने केलं. पुढे संसर्गाची अट न घालता पॅन्स ही व्यापक संज्ञा आली. त्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत. इंटरनेटवर वाचून येणाऱ्या पालकांच्या मुलांपैकी फार थोड्यांत अशी अचानक सुरुवात मला सापडली आहे. पण सापडते तेव्हा ती चुकवून चालत नाही.

आता घर. तुमच्या मुलाचं उत्तर बहुधा इथेच आहे. आईला 'दिवसातून किती वेळ' असं विचारू नका, "कालचा दिवस उठल्यापासून सांगा" असं म्हणा. कोण कोणासाठी थांबलं, कोणी काय धुतलं, कोणतं वाक्य किती वेळा म्हटलं, कोणत्या खुर्चीवर कोणी बसायचं बंद केलं. वडिलांना वेगळं विचारा. त्यांचा काल पुष्कळदा आईच्या कालपेक्षा वेगळा निघतो. आजाराच्या तालावर घराने असं चालणं मोजायला फॅमिली अकोमोडेशन स्केल आहे, ते वापरा. पण विचारताना 'तुम्ही लाड करता' असा सूर डोकावला तर आई पुढचं सांगणार नाही. मूल रडत असताना वीसदा उत्तर देणारी आई चुकत नसते, ती आग विझवत असते. आणखी एक. घरच्यांनी सगळं सांभाळून घेतलं की मुलाला त्रास जाणवतच नाही, आणि स्केलवर त्रासाला शून्य येतो. तुमच्याकडे तसंच झालं असेल असा माझा कयास आहे. आईवडिलांपैकी कुणाला असंच काही आहे का किंवा लहानपणी होतं का, हेही हळूच विचारा. लहान वयात सुरू होणारा ओसीडी घराण्यात चालत आलेला असण्याची शक्यता जास्त असते.

शाळेकडून माहिती घ्या, पण 'वर्गात काहीच त्रास नाही' हे शिक्षकांचं उत्तर पुरावा म्हणून धरू नका. कितीतरी मुलं सहा तास दात आवळून काढतात आणि घरी दप्तर टाकल्याबरोबर फुटतात.

मग हा ओसीडी आहे का? दिवसाला १ तासापेक्षा जास्त वेळ, किंवा लक्षणीय त्रास, किंवा शाळा-घर-मित्र यांत अडथळा, यांतलं एक पुरतं. तिन्ही लागत नाहीत. आईच्या हिशेबातला निम्मा जरी खरा निघाला तरी वेळेची अट पूर्ण होते. मी पैज ओसीडीवर लावीन, आणि सौम्यावर लावणार नाही. पण माझ्या पैजेवर लिहू नका.

मुलाला एकट्याला भेटा. "हात खराब म्हणजे कसे?", "थांबायचं कधी हे कसं कळतं?" आणि "यात आईला काय काय करावं लागतं?" हे तीन प्रश्न विचारा आणि मध्ये पडणाऱ्या शांततेला घाबरू नका. भीती मोजायला ० ते १० चा थर्मामीटर कागदावर काढा. कडीला हात लावणं कितीवर, बूट कितीवर, आणि लावून न धुणं कितीवर. पुढे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनचे (भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि ती कृती करायची नाही) उपचार ठरले तर त्याची शिडी याच कागदावरून बनते, त्यामुळे तो फाईलला जोडा. मग दोघांची माहिती एकत्र करून स्केल पुन्हा भरा, विचारांच्या पाच रकान्यांत 'खराब वाटणं' धरून. मुलाचं आणि आईचं उत्तर जिथे फार वेगळं असेल तिथे सरासरी काढू नका. दोन्ही लिहा आणि तुम्ही कोणतं का धरलंत तेही लिहा. तीन महिन्यांनी हेच स्केल पुन्हा भरायचं आहे, तेव्हा आज कसं भरलं हे कळायला हवं.

आणि हो, त्याचे हात बघितलेत का? बाही कोपरापर्यंत वर करायला सांगा. फक्त तळवेच कोरडे आहेत की चिरा वर मनगटापर्यंत गेल्यात, साबणच वापरतो की आणखी जहाल काही, हे विचारा. चिरा असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवायला सांगा. निदानासाठी थांबू नका.